‘नागपूरला पाठविले’ : पुढे काय झाले?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवलेले असते. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगडांचा वर्षाव. ही प्रथा असावी की नसावी यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे, आणि जमावबंदीचे हुकूमही दरवर्षी निघतात. तो आजचा विषय नव्हे. आजचा विषय त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला आहे. त्या दिवशी जखमींचा आकडा छापून येतो. २०२५ साली २३ ऑगस्टला गोटमार झाली, तेव्हाही तो आला. शेकड्यांनी माणसे जखमी. नदीकाठी उपचारांचे तंबू लागतात, बाहेरगावचे डॉक्टर बोलावले जातात, रुग्णवाहिका रांगेने उभ्या राहतात. किती जणांस टाके पडले, किती जणांस नागपूरला हलविले, हे सारे जाहीर होते.

वर्षातून एकच दिवस असा, की त्या गावच्या वैद्यकीय सेवेची मोजदाद सर्वांसमक्ष होते. परंतु ती मोजदाद फसवी आहे. टाका घातला म्हणजे जखम बरी झाली असे नव्हे. आठव्या दिवशी त्या जखमेत पू झाला की नाही, धनुर्वाताची सुई खरोखर टोचली गेली होती की गर्दीत राहून गेली, ज्याच्या डोळ्याला दगड लागला त्याची दृष्टी पुढे राहिली की गेली, हे कोणी विचारीत नाही आणि कोणी छापीतही नाही. मलमपट्टीचा आकडा हा रुग्णालयाच्या धावपळीचा आकडा झाला. सेवा चांगली की वाईट, हे त्यावरून कळत नाही.

मग ते कशावरून कळावे? लहान गावच्या रुग्णालयाची परीक्षा कशी करावी? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि पांढुर्णा-सौंसरच्या बाबतीत तर तो विशेष अवघड झाला आहे. त्याचे कारण भूगोलात आहे, आणि थोडेसे इतिहासातही.

आपण इंदूर-ग्वाल्हेरकडची मराठी माणसे दरबाराच्या चाकरीने, पूजाअर्चेने किंवा पेढीच्या निमित्ताने इकडे आलो आणि येथलेच झालो. पांढुर्णा आणि सौंसरच्या मराठी माणसाची गोष्ट निराळी. तो कोठून आलेला नाही, तो तेथलाच. सातपुड्याचा घाट उतरला की खालचा सपाट मुलूख, संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची काळी शेते, हा सारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला भाग. पुढे तो मध्यप्रांतात आला. नागपूर हीच तेव्हा राजधानी होती, आणि १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाचीही तीच राजधानी होती. दुसऱ्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि कागदपत्रे भोपाळला जाऊ लागली. माणसे मात्र नागपूरलाच जात राहिली. लग्नाचा बस्ता नागपूरचा, संत्र्याची बाजारपेठ नागपूरची आणि जिवावर बेतले म्हणजे डॉक्टरही नागपूरचा. सौंसरहून हे अंतर साठ-सत्तर किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आत. छिंदवाड्यास २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे हे खरे. पण नागपूरचे १९४७ चे मेडिकल, जुने मेयो आणि २०१८ पासूनचे एम्स ही नावे लोकांच्या तोंडी बसलेली आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणून अपेक्षा वाढल्या. आजारी माणसाची वाट मात्र तीच राहिली.

आता या भूगोलाचा परिणाम पाहा. तेथल्या सरकारी रुग्णालयात एखादा रोगी गंभीर झाला की त्याच्या कागदावर एक शब्द पडतो : ‘रेफर’. या शब्दापाशी त्या रुग्णालयापुरती त्याची कथा संपते. तो वाटेत गेला, नागपूरला जाऊन वाचला, की महिनाभर राहून अधू होऊन परतला, यांपैकी काहीही झाले तरी तो मूळ रुग्णालयाच्या हिशेबात धरला जात नाही. तो दगावलाच, तर मृत्यूची नोंद दुसऱ्या गावात होते. गाव दुसऱ्या राज्यात आहे. आणि दोन राज्यांच्या आरोग्यखात्यांचे आपसात पत्र जाण्यापूर्वी तेरावा होऊन जातो. अशा रीतीने ज्या रुग्णालयाने अवघड रोगी लवकरात लवकर पुढे ढकलला, त्याच्या वहीत मृत्यू कमी दिसतात. आणि ज्याने धीर करून हाती घेतला, त्याच्या वहीत जास्त. वहीवर विसंबून परीक्षा केली तर पहिले उत्तम ठरेल.

सरकार परीक्षा करीत नाही असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके म्हणून एक पद्धत २०१३ पासून लागू आहे, आणि मी ती वाचून पाहिली तेव्हा तिच्याविषयी माझ्या मनात आदरच उत्पन्न झाला. रुग्णालयाच्या कामाचे आठ विभाग पाडले आहेत : कोणत्या सेवा मिळतात, रोग्यांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्गाचा प्रतिबंध, गुणवत्तेची व्यवस्था आणि शेवटी फलित. प्रत्येक बारीक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. परीक्षकाने डोळ्यांनी पाहायचे, नोकरवर्गास विचारायचे, कागद तपासायचे आणि रोग्याशीही बोलायचे. शंभरात सत्तर गुण मिळाले तर प्रमाणपत्र. यात चूक काढण्याजोगे थोडेच आहे. अडचण इतकीच, की परीक्षेची तारीख आधी ठाऊक असते. लग्नघर जसे मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सारवले जाते तसे रुग्णालयही सारवले जाते. आणि फलित हा आठवा विभाग रुग्णालयाच्या आपल्याच वहीतून भरला जातो, ज्या वहीत नागपूरला गेलेल्या माणसाचे पुढचे पान कोरे असते.

सारवण्याचा विषय निघालाच आहे, तर इंदूरकरांनी आपल्या घरचे उदाहरण विसरू नये. १९९४ साली महाराजा यशवंतराव रुग्णालय रिकामे करून, धुऊन, तेथील उंदरांचा नायनाट केला गेला. त्या मोहिमेचे नाव कायाकल्प. तिच्यातूनच रोगी कल्याण समितीची कल्पना निघाली. रुग्णालय चालविण्यात गावकरी, अधिकारी, दाते यांनी एकत्र बसावे, जमलेला पैसा तेथेच खर्च करावा, ही ती कल्पना. ती साऱ्या राज्यात पसरली, आणि २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून साऱ्या देशात. २०१५ पासून केंद्र सरकार स्वच्छ रुग्णालयांस जे पारितोषिक देते त्याचेही नाव कायाकल्पच. एवढी कीर्ती मिळविलेल्या त्याच इमारतीत २०२५ च्या ऑगस्टअखेर नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात दोन बालकांना उंदरांनी चावे घेतले. दोन्ही बालके पुढे दगावली. मृत्यू उंदरामुळे की मूळच्या आजारामुळे, यावर वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले. वाद काहीही असो. एकतीस वर्षांपूर्वी धुतलेली भिंत आज स्वच्छ असेलच, असे समजण्याचे कारण नाही. एवढ्या मोठ्या शहरात हे घडते, तर लहान गावातील प्रमाणपत्राकडे किती विश्वासाने पाहावे, हे वाचकांनीच ठरवावे.

तेव्हा भिंती आणि फरशा सोडून आत जाऊ. मी परीक्षक असतो तर पांढुर्णा-सौंसर भागातील रुग्णालयात पहिल्यांदा एक काचेची नळी मागितली असती.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. तो मुलूख शेताचा आणि बागांचा. पावसाळ्यात साप निघतात. घोणस किंवा फुरसे चावले तर विष रक्तात भिनते आणि रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रोग्याचे थोडे रक्त घ्यावे, नळी वीस मिनिटे न हलविता उभी ठेवावी, मग तिरकी करून पाहावी. रक्त गोठले असेल तर बरे. पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष तात्काळ सुरू करावे. एवढीच परीक्षा. पण नळी साबणाच्या पावडरीने धुतलेली असेल किंवा प्लॅस्टिकची असेल तर ती खोटे बोलते. वीस मिनिटे नळीजवळ घड्याळ घेऊन कोणी बसले नाही तर ती काहीच बोलत नाही. म्हणजे एका नळीवरून तीन गोष्टी कळतात : सामान ठेवणारा जागरूक आहे की नाही, परिचारिकेला शिकविलेले आहे की नाही, आणि रात्री दोन वाजता कोणी जागे आहे की नाही.

मण्यार चावला तर प्रकरण याहून कठीण. जमिनीवर निजलेल्या माणसाला तो रात्री चावतो; दंश दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते आणि मग श्वास बंद पडतो. अशा रोग्यास नागपूरला पाठविणे योग्यच आहे. पण प्रतिविषाचा पहिला हप्ता देऊन पाठविले की न देता? गाडीत श्वासाची पिशवी दाबण्यास कोणी सोबत दिले की नुसता वाहनचालक आणि रडणारी बायको? वहीतला ‘रेफर’ हा शब्द दोन्ही ठिकाणी सारखाच दिसतो. पण पहिल्या माणसाच्या बाबतीत तो उपचाराचा भाग असतो, आणि दुसऱ्याच्या बाबतीत केवळ हात झटकणे. (आणखी एक चमत्कारिक गोष्ट. मध्य प्रदेशात सर्पदंशाने माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना सरकारकडून चार लाख रुपये मिळतात. योग्यच आहे. त्यामुळे मृत्यूचा कागद शवविच्छेदनासह तयार होतो. जो वाचला त्याचा कागद मात्र तयार करण्याची कोणाला गरज पडत नाही. आणि रुग्णालयाने काय चांगले केले हे त्याच कागदात असते.)

बाळंतिणीचेही तसेच. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर दोन तासांत बाई हातची जाऊ शकते, आणि सौंसरहून नागपूर गाठण्यास गाडी मिळून, सामान बांधून, खाट हलवून तेवढा वेळ सहज जातो. गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून जी ऑक्सिटोसिनची सुई देतात ती दोन ते आठ अंश उष्णतेत ठेवावी लागते. मे महिन्यात उघड्या कपाटात राहिली तर तिचा गुण उतरतो. सुई दिली, पण गुण आला नाही; तेव्हा दैवाला दोष दिला जातो, कपाटाला कोणी देत नाही. तेव्हा प्रसूतिकक्षातील फ्रीजचे तापमान दिवसातून दोनदा लिहिले जाते का, ते पाहावे. आणि तो कागद आजच एका शाईने भरलेला तर नाही ना, हेही पाहावे. झटके येणाऱ्या बाळंतिणीला पाठविण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिला होता का, ते विचारावे. या गोष्टींस विशेषज्ञ लागत नाही. लहान रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारा नाही, भूल देणारा नाही, ही तक्रार खरी आहे आणि ती भोपाळकडेच केली पाहिजे. पण जे तेथे होण्यासारखे आहे ते झाले की नाही, याचा जाब त्या रुग्णालयालाच विचारता येतो.

भाषेचा मुद्दा कोणत्याच मानकात नीट बसत नाही, म्हणून येथे सांगतो. तिकडची बाई सांगते, ‘पोटात कळ येते.’ रीवा-सतन्याकडून नेमणुकीवर आलेला तरुण डॉक्टर विचारतो, ‘कल आई थी? आज नहीं?’ म्हातारा म्हणतो, ‘चाललं की दम लागते’; ऐकणाऱ्यास वाटते, अजून दम आहे म्हणतो! हा विनोद झाला. पण छातीच्या रोग्याच्या बाबतीत हा विनोद महाग पडतो. चांगला डॉक्टर चार महिन्यांत हे शब्द शिकतो. परिचारिका बहुधा तेथल्याच असतात, त्या मध्ये पडून सांभाळून घेतात. तरीही घरी जाताना गोळ्या कशा घ्याव्यात हे ज्या भाषेत सांगितले गेले ती रोग्याला कळली का, हे रोग्यालाच विचारल्यावाचून कळत नाही. सिकलसेलच्या रोग्याला वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागते, पाणी भरपूर पिण्यापासून लग्न जुळविताना तपासणी करण्यापर्यंत पुष्कळ सांगावे लागते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. नागपूर-छिंदवाड्याच्या टापूत हा रोग कित्येक घरांत आहे. त्याची कार्डे वाटणे सोपे. कार्ड घेतलेला मुलगा पुढच्या महिन्यात औषधाला पुन्हा आला का, हा प्रश्न खरा.

हे सगळे बोलणे पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येऊन थांबते : पुढे काय झाले? आणि हे न विचारल्याने केवढा अनर्थ होतो, ते त्याच बाजूला नुकतेच दिसले. २०२५ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात लहान मुले दगावू लागली. साधा सर्दी-खोकला, त्यावर औषध, मग लघवी बंद, मग मूत्रपिंडे निकामी. मुलांना नागपूरला नेण्यात आले आणि अनेक तेथेच गेली. खोकल्याच्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. तमिळनाडू सरकारच्या तपासणीत त्याचे प्रमाण शंभरात ४८.६ इतके निघाले. चालण्याजोगी मर्यादा शंभरात ०.१ आहे. मध्य प्रदेशात त्या औषधावर बंदी आली ती ४ ऑक्टोबर रोजी. तोवर एक महिना गेला होता. गेलेल्या मुलांची संख्या विसाच्या वर गेली.

विष घालणाऱ्यांचा आणि औषध-निरीक्षकांचा न्याय न्यायालयात होईल. मला येथे एक जुनी घटना आठवते. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने चौदा रोगी दगावले; ग्लिसरीनमध्ये भेसळ होती. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. तेथे रोगी एका छताखाली होते, एकाच संस्थेच्या डॉक्टरांच्या नजरेसमोर होते. म्हणून या सर्वांची मूत्रपिंडे एकदम का बिघडली, हा प्रश्न तेथल्या तेथे उठला. परासियाच्या मुलांचे तसे नव्हते. औषध एका गावी, उपचार दुसऱ्या, मृत्यू तिसऱ्या. मध्ये राज्याची सीमा. प्रत्येक ठिकाणी एक-दोन मुले, आणि एक-दोन मुले म्हणजे दुर्दैव. पाठविलेल्या प्रत्येक मुलाची खबर चार दिवसांनी ज्याने पाठविले त्याच्याकडे परत येण्याची रीत असती, तर हा महिना थोडा तरी लहान झाला असता असे मला वाटते. किती दिवसांनी, ते कोणीच सांगू शकणार नाही. पण त्या मुलांच्या बाबतीत एकेक दिवसाला मोल होते.

लहान रुग्णालय असा हिशेब ठेवू शकते का? ठेवू शकते, ठेवलेला आहे. अमेरिकेत बोस्टन शहरी अर्नेस्ट कॉडमन नावाचे शस्त्रवैद्य होते. प्रत्येक रोग्याचे एक कार्ड ठेवावे, वर्षाने त्याला गाठून तो बरा आहे का हे पाहावे, आणि नसेल तर का नाही हे लिहावे, एवढेच त्यांचे म्हणणे. मोठ्या रुग्णालयाला ते मानवले नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्या छोट्या रुग्णालयात ते केले. १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेले ३३७ रोगी. त्यांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका. हा हिशेब त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापून प्रसिद्ध केला. सोबत्यांनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकले. आज रुग्णालयांची गुणवत्ता हा विषय निघाला की पहिले नाव त्यांचे घेतात.

फार लांब जायला नको असेल तर महाडला चला. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले मरत. विंचू चावला, घाम सुटला, हातपाय गार पडले, तोंडाला फेस आला, संपले. गावालाही हे सवयीचे झालेले. बावस्करांनी काय केले? रोग्याजवळ रात्र रात्र बसून काय होते ते वेळेसह लिहून ठेवले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास. त्या नोंदींवरून १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला, आणि १९८६ साली प्राझोसिन या औषधाविषयीचा. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांतले पंचवीस-तीस जात, ते प्रमाण पुढे शंभरात एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन काही त्यांनी शोधून काढलेले नव्हे. रक्तदाबावरचे ते बाजारातले औषध होते. त्यांचे स्वतःचे होते ते वही घेऊन रोग्याच्या खाटेजवळ बसणे. त्या केंद्राची त्या काळी कोणी तपासणी केली असती तर खाटा, इमारत, फरशी यांना काय गुण मिळाले असते, ही कल्पनाच केलेली बरी.

यावर डॉक्टर मंडळींचे एक म्हणणे आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, मृत्यूचे आकडे असे चव्हाट्यावर मांडलेत तर लोक काचा फोडतील. आणि आम्ही शहाणे असू तर अवघड रोगी दारातच घेणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. डॉक्टरांवर हात टाकण्याची रीत आपल्या समाजात वाढली आहे, आणि ती लाजिरवाणी आहे. म्हणून मी मृत्यूंची पाटी दारावर लावा असे म्हणत नाही. शिवाय ज्या रुग्णालयात अधिक बिघडलेले रोगी येतात तेथे अधिक मृत्यू होणारच. नुसता आकडा त्याच्यावर अन्याय करील. हिशेब नावांचा नको, डॉक्टरांचाही नको. प्रत्येक प्रकारच्या दुखण्याचे किती आले, किती पाठविले, पाठविण्यापूर्वी ठरलेले पहिले उपचार किती जणांना मिळाले आणि तिसाव्या दिवशी त्यांतले किती हिंडते-फिरते होते, एवढाच हवा. तो रोगी कल्याण समितीच्या बैठकीत वर्षातून दोनदा वाचावा. पहिल्या वर्षी तो वाईटच निघेल. वाईट निघाला नाही तर वही पुन्हा तपासावी.

ही समिती कायद्याने आहे, कागदावर आहे, प्रत्येक सरकारी रुग्णालयास आहे. तिच्या बैठकांत पंखे, रंग, पाण्याची टाकी आणि दुकानगाळ्यांचे भाडे हे विषय येतात. पंखेही लागतातच. पण पांढुर्ण्यात आणि सौंसरात जुनी, जाणती मराठी घरे आहेत. शिक्षक, वकील, संत्र्याचे व्यापारी, निवृत्त रेल्वे नोकर. प्रत्येकाचे नागपुरात कोणी ना कोणी आहे. महिन्याकाठी पाठविलेल्या रोग्यांची यादी हाती घेऊन, रोग्याची परवानगी घेऊन, त्याच्या घरी एक फोन करणे, हे काम चार निवृत्त माणसांना होण्यासारखे आहे. फोन लागला नाही तर पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळते. ‘आपली प्रकृती कशी आहे? कोठे उपचार झाले? किती खर्च झाला? औषध चालू आहे का?’ चार ओळी. बोलणे अर्थातच घरच्या भाषेत. ज्या माणसाला रुग्णालयातून घरी गेल्यावर कधी कोणी विचारले नाही, तो अशा फोनवर किती बोलतो हे करून पाहिल्यावरच समजेल. यादीतले निम्मे प्रश्न न विचारताच त्याची उत्तरे येतील.

आणि वहीत ‘रेफर’ या शब्दापुढे एक नवा रकाना आखावा लागेल. त्याचे मथळ्याचे शब्द हिंदीत असावेत की मराठीत, यावर पहिल्या बैठकीत वाद होणार हे मी आताच सांगतो. दोन्हींत लिहावेत, जागा पुरते.